3,362 हेक्टरांवर राहतं कोण?

10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तापीच्या पाण्याचा करार झाला. मोहन यादव आणि देवेंद्र फडणवीस या दोन मुख्यमंत्र्यांनी सह्या केल्या आणि 'तापी मेगा रिचार्ज' हा शब्द बुरहानपूरपासून जळगावपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाला. त्या वेळी दिलेल्या सरकारी माहितीत दोन गोष्टी लागोपाठ सांगितल्या होत्या. योजनेसाठी मध्य प्रदेशातली 3,362 हेक्टर जमीन लागेल. आणि एकही गाव बाधित होणार नाही, त्यामुळे पुनर्वसनाची गरजच पडणार नाही.

माझं भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे. 3,362 हेक्टर म्हणजे आठ हजार एकरांच्या वर जमीन. ती कुणी तरी कसतं, कुणी तरी तिथे गुरं चारतं, कुणी तरी मोहफुलं वेचतं. गाव जागेवर राहिलं तरी त्या गावातल्या माणसाची जमीन जाऊ शकते. जमीन गेलेल्या माणसाला पुनर्वसन लागत नाही, हे कुणी ठरवलं?

आधी जे चांगलं झालं ते मोकळेपणाने सांगतो, कारण ते खरोखरच चांगलं आहे. खंडवा जिल्ह्यातली खालवा तहसील आणि अमरावती जिल्ह्यातला मेळघाट यांच्या सीमेवर, खारिया गुटीघाटला, पूर्वी 66 टीएमसीचं मोठं धरण बांधायचं घाटत होतं. त्यात 17 हजारांहून जास्त हेक्टर जमीन जाणार होती. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल जाणार होतं. 73 गावं आणि तिथली सुमारे 14 हजार माणसं उठणार होती. तो आराखडा मागे पडला. आता त्याच जागी 8.31 टीएमसीचा कमी उंचीचा बंधारा होईल आणि पावसाळ्यातलं पुराचं पाणी कालव्यांनी वळवून जमिनीत मुरवलं जाईल. 73 गावांच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर झाली, याचं मोल कितीही सांगितलं तरी कमीच. भारतात धरण लहान करण्याचा निर्णय क्वचितच होतो. तो झाला, म्हणून दोन्ही राज्यांचं अभिनंदन.

राजपुऱ्यात किंवा शनवाऱ्यात राहणाऱ्या बुरहानपूरकराला हा करार हवासा वाटणं साहजिक आहे. या शहराचा बाजार आजूबाजूच्या केळीवर चालतो, आणि केळीला बारा महिने पाणी लागतं. दरवर्षी बोअर आणखी खोल न्यावी लागते, पंप आणखी खाली सोडावा लागतो, आणि शेवटी कोरड्या बोअरचं कर्जच तेवढं शेतकऱ्याच्या नावावर उरतं. रावेर, यावल, चोपडा, सगळीकडे हीच रड. करारातल्या आकड्यांप्रमाणे एकूण 31.13 टीएमसी पाण्यातलं 11.76 मध्य प्रदेशाला आणि 19.36 महाराष्ट्राला मिळेल. आपल्याकडच्या 1,23,082 हेक्टरांना आणि महाराष्ट्रातल्या 2,34,706 हेक्टरांना त्याचा फायदा होईल. बुरहानपूर, नेपानगर, खकनार आणि खालवा या चार तहसिली आपल्या बाजूच्या लाभक्षेत्रात आहेत. खर्च 19,244 कोटी रुपये.

ही कल्पना शास्त्राला धरून आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे, वाळू आणि मातीचा जाड पट्टा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरलेले नाले या पट्ट्यात येऊन जिरतात, आणि तेच पाणी खालून तापीच्या गाळात सरकतं. म्हणून कालवा पायथ्याकडेने न्यायचा, वाटेतल्या नाल्यांमध्ये पुराचं पाणी सोडायचं आणि जमिनीला ते पिऊ द्यायचं. बुरहानपूरला ही गोष्ट नवी नाही. 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून सरकणारं हेच पाणी हेरलं. मग विहिरींसारख्या कुंड्या खणल्या, त्या भुयारांनी जोडल्या आणि उताराच्या जोरावर पाणी शहरात आणलं. कुंडी भंडारा अजून पाझरतो आहे. चारशे वर्षांपूर्वी फौजेसह एवढ्या मोठ्या शहराची तहान भागली, आणि त्यासाठी एक दरीही बुडवावी लागली नाही. हे आपल्या पायाखाली असताना 66 टीएमसीचं धरण इतकी वर्षं कागदावर जिवंत राहिलं, याचा मला खेद वाटतो.

पण पाणी मुरवायचं असलं तरी आधी ते वाहून न्यावं लागतं. उजवा कालवा 221 किलोमीटर, डाव्याचा पहिला टप्पा 135.64 आणि दुसरा 123.97. बेरीज 480 किलोमीटरच्या वर जाते. त्यातला मध्य प्रदेशातला भाग सुमारे 210 किलोमीटर. कालवा शेताच्या कडेने जात नाही, शेतातून जातो. पाच एकराचा तुकडा मधोमध कापला की दोन एकर अलीकडे, दोन एकर पलीकडे आणि एक एकर पाण्याखाली. पलीकडच्या दोन एकरांत बैल न्यायला पूल कुठे? जवळचा पूल तीन किलोमीटरवर असेल तर ते दोन एकर पडीक पडायला किती वर्षं लागतील? अधिग्रहणाच्या कागदात एक एकर गेल्याची नोंद होते. तुटलेल्या शेताची नोंद होत नाही. नर्मदेवरच्या इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर या धरणांच्या कालव्यांवरून असाच वाद पेटला होता. कालव्यात जमीन गेलेल्यांना बुडितातल्या लोकांसारखं पुनर्वसन मिळायला हवं का, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्या खंडवा जिल्ह्याने त्या वादाची फरफट पाहिली, त्याच जिल्ह्यातही आता नवे कालवे खणले जाणार आहेत.

कायदा काय म्हणतो? 2013 चा भूसंपादन कायदा गावं मोजत नाही, कुटुंबं मोजतो. ज्याची जमीन जाते ते बाधित कुटुंब. ज्याच्या नावावर जमीन नाही, पण त्या जमिनीवर आधीची तीन वर्षं ज्याची रोजीरोटी चालत होती, तेही बाधित कुटुंब. यात वाटेकरी येतो, सालदार येतो, शेतमजूर येतो. जंगलातून तेंदूपत्ता, चारोळी, डिंक आणणारा येतो. मासेमार येतो. वनहक्क कायद्याने मान्य झालेला हक्क ज्याचा जातो तोही येतो. म्हणजे गाव हललं नाही म्हणून कुणी बाधित नाही, हा हिशोब कायद्यातच बसत नाही.

त्याच कायद्यात एक पळवाटही आहे, आणि ती लोकांना ठाऊक असायला हवी. प्रकल्पाचा समाजावर काय परिणाम होईल याचा अभ्यास आधी करावा, अशी या कायद्याची मोठी तरतूद आहे. सिंचन प्रकल्पाला पर्यावरणाचा अभ्यास बंधनकारक असेल तर मात्र हा सामाजिक अभ्यास लागू नाही. ज्या प्रकारच्या प्रकल्पांनी या देशात सगळ्यात जास्त माणसं उठवली, नेमकी त्यांनाच ही सूट. माशांचा आणि झाडांचा अहवाल होईल, माणसांचा होईलच असं नाही. दोन्ही सरकारांनी ही सूट घेऊ नये. सूट घ्यावीच लागते असं कुठे लिहिलेलं नाही.

नुकसानभरपाईचंही असंच आहे. या कायद्यात ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला एक ते दोनपर्यंतच्या गुणकाने गुणायचं आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यायची असं आहे. गुणक किती हे राज्य ठरवतं. कायदा लागू झाल्यावर मध्य प्रदेशाने तो एक ठरवला. म्हणजे दहा लाखांच्या जमिनीला वीस लाख. गुणक दोन असता तर चाळीस. खकनार तहसिलीतल्या पांगरी धरणात जमीन जाणारे शेतकरी याच दुप्पट मोबदल्यासाठी रस्त्यावर आले. त्यांच्याकडे विकासविरोधी म्हणून बघणाऱ्यांना एकच विचारतो. सरकारी दराने मिळालेल्या पैशात त्याच तालुक्यात, पाण्याची तेवढीच जमीन मिळते का? धरणाची बातमी फुटली की आसपासच्या जमिनीचे भाव चढतात, आणि भरपाई जुन्या खरेदीखतांवर मोजली जाते. हातात रोकड येते, जमीन येत नाही. काही वर्षांत रोकड लग्नात, दवाखान्यात, मोटारसायकलीत जाते, आणि कालचा शेतकरी गुजरातच्या वाटेला लागतो. यात त्याची उधळपट्टी शोधू नका. शेती सोडून दुसरा धंदा ज्याने कधी केला नाही त्याच्या हातात एकदम पैसे टेकवून मोकळं होणं हीच चूक आहे.

धरणाने दरी कशी बदलते हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. बुरहानपूर 2003 पर्यंत खंडवा जिल्ह्यातच होतं, आणि हरसूद त्याच जिल्ह्यातलं. 23 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधींनी नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाची पायाभरणी केली. 28 सप्टेंबर 1989 ला देशभरातून हजारो माणसं हरसूदला जमली. बाबा आमटे आले होते, मेधा पाटकर होत्या. विनाशकारी विकास नको, असं त्यांनी सांगितलं. ऐकलं कुणी नाही. 2004 साली सांगण्यात आलं की 30 जूनपर्यंत गाव रिकामं करा. आणि मग आपल्याच हातांनी आपलं घर पाडण्याची वेळ माणसांवर आली. विटा, दारं, कौलं, तुळया, जे निघेल ते काढून ट्रॅक्टरवर घालायचं आणि छनेऱ्याला जायचं. तिथे उघड्या माळावर प्लॉट आखलेले. घरं नाहीत, काम नाही, बाजार नाही.

हरसूदची गोष्ट सांगताना लोक बुडालेल्या घरांबद्दल बोलतात. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट बुडाली ती बाजारपेठ. हरसूद हे आसपासच्या खेड्यांचं बाजाराचं गाव. दुकानदार शेतकऱ्याला पेरणीला उधार द्यायचा आणि पीक आल्यावर वसूल करायचा. ही उधारी विश्वासावर चालायची, आणि विश्वास पिढ्यांच्या ओळखीवर. खेडी एकीकडे पांगली, दुकानदार दुसरीकडे. कुणाकडे किती येणं होतं याच्या वह्या राहिल्या, येणं राहिलं नाही. शिंपी, न्हावी, सुतार, सायकलवाला, चहावाला यांच्याकडे जमीन नव्हती, म्हणून जमिनीच्या भरपाईतही ते नव्हते. त्यांचं गिऱ्हाईक हीच त्यांची मालमत्ता, आणि तिचा दर कोणत्याच तक्त्यात नव्हता. खंडवा-इटारसी रेल्वेमार्गसुद्धा वळवावा लागला आणि छनेऱ्याकडून न्यावा लागला. रेल्वेला पर्यायी मार्ग वेळेत मिळाला. माणसांना तसा मिळाला असता तर मी हे लिहीत बसलो नसतो.

इंदिरा सागरचं पाणी 913 चौरस किलोमीटरवर पसरतं. 249 गावं त्याच्या बाधित यादीत होती. साठ्याच्या हिशोबाने तो देशातला सगळ्यात मोठा जलाशय, आणि एक हजार मेगावॉटचं वीजघर त्यावर चालतं. ती वीज आपण वापरतो, मीही वापरतो, तिचा फायदा खोटा नाही. पण जे बुडालं नाही त्याचंही काय झालं ते बघा. चहूबाजूंनी पाणी आल्यावर काही वस्त्या टापू झाल्या. नदीच्या दोन काठांवरची गावं, ज्यांच्यात रोटी-बेटी व्यवहार होता, ती हाकेच्या अंतरावरून आख्ख्या जलाशयाला वळसा घालण्याइतकी लांब गेली. लेकीचं माहेर दूर गेलं. दवाखान्याची वाट लांबली. 2012 मध्ये ओंकारेश्वरच्या वाढत्या पाण्यात घोगलगावची माणसं 17 दिवस उभी राहिली, पायाची कातडी सुटेपर्यंत. तेव्हा कुठे सरकारने पाण्याची पातळी खाली आणायचं आणि जमिनीच्या बदल्यात जमिनीचं बोलायचं मान्य केलं. जी गोष्ट पहिल्या दिवशी द्यायची, ती घेण्यासाठी माणसाला सतरा दिवस पाण्यात उभं राहावं लागतं.

आपली तापीसुद्धा कोरी पाटी नाही. 1972 मध्ये पुरं झालेलं उकाई धरण गुजरातमध्ये उभं आहे, पण त्याच्या फुगवट्यात नंदुरबारकडची आदिवासी गावंही गेली. भुसावळजवळ 41 दरवाजांचं हतनूर आहे. त्याचा फुगवटा तापी आणि पूर्णा या दोन्ही नद्यांत चढतो. वरच्या अंगाला मोठा पाऊस झाला की रावेर-मुक्ताईनगरकडची काठावरची गावं, दरवाजे किती आणि कधी उघडतात याकडे कान लावून बसतात. धरणात गाळ साचतो आहे, म्हणजे तेवढंच पाणी आता जास्त पसरतं. बांधताना काढलेली बुडिताची रेघ कायमची नसते, ती सरकते. खारिया गुटीघाटचा बंधारा लहान आहे, तरी तापीच्या गाळाची सवय त्यालाही लागणारच. आज जे गाव बाधित नाही म्हणून लिहिलं आहे, ते वीस वर्षांनी काठावर असेल का, हे मोजून लोकांपुढे ठेवलं पाहिजे.

महाराष्ट्राने या बाबतीत एकेकाळी देशाला वाट दाखवली होती. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची फरफट पाहिल्यावर धरणग्रस्तांच्या चळवळीने 'आधी पुनर्वसन, मग धरण' हा आग्रह धरला, आणि 1976 मध्ये राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्यातलं मुख्य तत्त्व मला आजही सगळ्यात न्याय्य वाटतं. ज्याच्या शेतात पाणी येणार त्याने आपल्या जमिनीतला ठरलेला हिस्सा द्यायचा, आणि ज्याची जमीन गेली त्याला ती लाभक्षेत्रात मिळायची. अंमलबजावणी किती ढिली झाली हे कोयनेच्या आजच्या पिढीला विचारा. पण तत्त्व बरोबर होतं, आणि मेगा रिचार्जला ते चपखल लागू पडतं. इथे देणारा आणि घेणारा वेगवेगळ्या जिल्ह्यांतले आहेत. बंधारा कोरकू आदिवासींच्या मुलखात, खालवा आणि मेळघाटातल्या धारणीच्या सीमेवर. केळी मात्र खाली, तापीच्या गाळाच्या जमिनीत. खालव्याचं नाव बाहेर निघतं ते कुपोषणाच्या बातम्यांत. त्या तहसिलीतल्या माणसाने खालच्या बागायतदारासाठी जमीन सोडायची, आणि त्याला सांगायचं की तू बाधित नाहीस. मी स्वतः या खालच्या मुलखातला, या पाण्याची वाट पाहणाऱ्यांतला. मला हे पाणी या अटीवर नको.

खालवा विकासखंड आणि धारणी तालुका दोन्ही राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. तिथे जमीन घ्यायची तर ग्रामसभेची आधी संमती लागते. भूसंपादनाचा कायदा तसं म्हणतो, आणि मध्य प्रदेशाने 15 नोव्हेंबर 2022 ला पेसा कायद्याचे नियम लागू केले तेव्हा ग्रामसभांना बळ दिल्याचं जाहीरही केलं होतं. तर मग गावोगाव यादी लावा. कुणाच्या खसऱ्यातून किती जाणार, धारणीत कुणाच्या सातबाऱ्यातून किती, वनहक्काचे कोणते दावे अजून पडून आहेत, कोणतं चराऊ रान कालव्यात येतं. यादी हिंदी-मराठीत लावून भागणार नाही, कोरकूत वाचून दाखवा. सही घ्यायची ती ऐकल्यावर. दावे निकाली निघाल्याशिवाय कालव्याची आखणी पक्की करू नका, कारण आखणी झाली की दावेदार अतिक्रमणवाला ठरतो.

विस्थापितांच्या हाती पाण्यावरचा हक्क देता येतो, कारण मध्य प्रदेशातच तो एकदा दिला गेला आहे. तेव्हाच्या होशंगाबादकडच्या तवा धरणाने 44 आदिवासी गावं उठवली. वीस-बावीस वर्षं ती माणसं आपल्याच बुडालेल्या शेतांवरच्या पाण्यात मासे धरायची आणि चोर ठरायची. 1996 मध्ये, लढल्यावर, त्या जलाशयातली मासेमारी त्यांच्याच सहकारी संघाला मिळाली. तवा मत्स्य संघाने दहा वर्षं ती चालवली. पाण्यात बीज सोडलं, बंदीचा काळ पाळला, मासा लांबच्या बाजारापर्यंत पोचवला आणि विस्थापितांच्या हाती मजुरी दिली. 2006 मध्ये वन्यजीवांचं कारण देऊन त्यांचा पट्टा वाढवला गेला नाही. इतकं नीट चाललेलं काम मोडणं हा त्या माणसांवरचा दुसरा अन्याय होता, आणि कुणाला त्याचा जाब द्यावा लागला नाही.

2013 च्या कायद्याने सिंचन प्रकल्पातल्या बाधित कुटुंबांना जलाशयात मासेमारीचा हक्क देता येतो. देता येतो, द्यायलाच हवा असं नाही. गुटीघाटच्या 8.31 टीएमसी पाण्यासाठी दोन्ही राज्यांनी तो आत्ताच लिहून द्यावा. मासेमारी काठावरच्या कोरकू कुटुंबांच्या संघाला, आणि पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन ज्यांची जमीन गेली त्यांना. इंदिरा सागरच्या काठी हनुवंतियाला दिसलं तसं इथेही काठावर तंबू आणि जलमहोत्सव येतील, ठेकेदाराची टेंडरं निघतील. त्याआधी हे झालं पाहिजे. आणि पांगरीच्या शेतकऱ्यांचा मोबदला त्याच्याही आधी, कारण त्यांची जमीन खारिया गुटीघाटच्या पहिल्या कुदळीची वाट पाहत थांबलेली नाही.